परदेशातला खोकला आणि अमळनेरहून दिलेलं औषध: एक प्रकरण

मी अमळनेरला अठ्ठावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण माझ्याकडच्या एका जुन्या घरातलं आहे. मुलगा, आई आणि वडील अशा तिघांची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. यातल्या पहिल्या दोन चुका माझ्या हातून झाल्या. त्या सुरुवातीलाच सांगतो, कारण परदेशी गेलेल्या मुलांना फोनवरून औषध सांगणारा मी एकटा नाही. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून ‘जर्मनीला चाललोय, सोबत न्यायला औषधं लिहून द्या’ म्हणत येणारी पोरं माझ्याकडे वाढली आहेत.

पार्श्वभूमी

बोरी नदीच्या काठचं गाव. सात एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि थोडी दादर ज्वारी. मुलाने जळगावला मेकॅनिकल केलं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली आणि एकोणतिसाव्या वर्षी बाडेन-वुर्टेमबर्गमधल्या एका लहान गावात, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागला. राहायला आणखी तीन भारतीय मुलांसोबत एक फ्लॅट. कारखान्यात इंग्रजीवर निभायचं. जर्मन जेमतेम दुकानापुरती यायची.

तिकडे त्याच्यासारख्या नोकरदाराला आरोग्य विमा कायद्यानेच घ्यावा लागतो. पगाराच्या १४.६ टक्के मूळ वर्गणी, त्यावर त्या त्या विमा संस्थेची थोडी जादा वर्गणी. अर्धी कंपनी भरते, अर्धी पगारातून जाते. याच्याही पगारातून दर महिन्याला ती कापली जात होती. फोटो असलेलं विम्याचं कार्ड पाकिटात होतं. चौदा महिन्यांत त्याने ते एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

कार्डाऐवजी त्याचा भरवसा होता आईने भरून दिलेल्या औषधांच्या डब्यावर. त्यात पॅरासिटामॉल, जुलाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या दोन स्ट्रिप होत्या. ती चिठ्ठी माझी. आई म्हणाल्या, “तिकडे लवकर डॉक्टर मिळत नाही म्हणतात, काहीतरी भारी लिहून द्या.” मी लिहून दिलं.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधी टीबीची तपासणी करून घ्यावी लागते. जर्मनीच्या नोकरीच्या व्हिसाला तशी अट नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी या मुलाच्या छातीचा एक्स-रे कोणी काढला नव्हता, आणि मलाही सुचलं नव्हतं.

अडचण सुरू झाली ती अशी

नोव्हेंबरात खोकला सुरू झाला. थंडीचा असेल म्हणून पहिले पंधरा दिवस त्याने लक्ष दिलं नाही. मग संध्याकाळी अंग गरम व्हायला लागलं, तेव्हा सोबतच्या मुलांनी डॉक्टर शोधायला लावलं.

आपल्या लोकांना तिकडची रीत इथेच अडते. अमळनेरच्या माणसाला छातीत दुखलं तर तो सकाळची गाडी पकडून जळगावला थेट छातीच्या डॉक्टरकडे जातो, दहाला नंबर लावतो, दुपारी दोनपर्यंत एक्स-रे, रक्ततपासणी आणि औषधं घेऊन बाहेर पडतो. जर्मनीत पहिलं दार हाउसआर्ट्स्टचं, म्हणजे घरच्या डॉक्टरचं. तो तपासतो, लागलं तर चिठ्ठी देतो, आणि त्या चिठ्ठीवर पुढचा तज्ज्ञ. अपॉइंटमेंटशिवाय सहसा काम होत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद असतात. नवे पेशंट घेणं थांबवलेले दवाखानेही पुष्कळ.

त्याने तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी नवे पेशंट घेत नाही म्हणून सांगितलं. हे वाक्य समजायलाच त्याला दोन वेळा विचारावं लागलं. तिसऱ्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या आठवड्याच्या रविवारी त्याने मला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा, आपल्याकडे रात्रीचे अकरा.

पहिला निर्णय: फोनवरचं औषध

त्याचं म्हणणं असं: “डॉक्टर काका, खोकला आहे, थोडा ताप आहे. डब्यातली गोळी सुरू करू का?”

मी विचारलं, दम लागतो का? नाही म्हणाला. छातीत दुखतं का? नाही. बेडका पडतो का? थोडा. मी म्हणालो, पाच दिवस घे.

खोकला किती दिवसांचा आहे, हे मी विचारलं नाही. माझ्या दवाखान्यात, पेशंटच्या बाकड्यासमोरच, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, असं सांगणारं सरकारी पोस्टर लावलेलं आहे. हा मुलगा समोर बाकड्यावर बसलेला असता तर मी विचारलं असतं, वजन केलं असतं, थुंकीची डबी हातात दिली असती. फोनवर, रात्री अकराला, ओळखीच्या घरातल्या पोराशी बोलताना मी डॉक्टरपेक्षा काकाच जास्त झालो.

लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही काम करतं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात ते वापरतातच. त्यामुळे टीबी असलेल्या माणसाला ते साध्या खोकल्यासाठी दिलं की काही दिवस बरं वाटतं, निदान लांबतं, आणि एकट्याने दिलं तर जंतू त्याला सरावण्याची भीती असते. आमच्या भागात धाप-खोकल्याला हे औषध उठसूट देऊ नये, हे मी स्वतः तरुण डॉक्टरांना सांगत आलो आहे.

चौथ्या दिवशी ताप उतरला. खोकला हलका झाला. तीन आठवड्यांनंतरची हाउसआर्ट्स्टची तारीख आली, तेव्हा ‘आता बरं आहे’ म्हणून त्याने ती रद्द केली. एवढ्या मुश्किलीने मिळालेली ती वेळ माझ्या औषधाने घालवली.

जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा तसंच झालं. पुन्हा फोन आला, आणि मी दुसरी स्ट्रिप घ्यायला सांगितली. या वेळी मनात शंका चमकून गेली होती. “तिथल्या डॉक्टरला दाखव,” असं म्हणालोही, पण गोळी आधी सांगितली आणि डॉक्टर नंतर. माणूस पहिलं ऐकतो.

नियमाचाही एक मुद्दा आहे. भारतात २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. देशाबाहेरच्या रुग्णाला दिलेला सल्ला त्यांच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मी जे करत होतो त्याला इथल्या नियमांचा आधार नव्हता आणि तिथे तर माझी नोंदणीच नाही.

आईच्या नजरेला आलेलं

व्हिडिओ कॉलवर आईने ओळखलं. गाल बसलेत, गळ्याची हाडं दिसतात. त्या बाई दवाखान्यात आल्या त्या थेट आतच: “डॉक्टर, मन्हा पोरले काय व्हयनं?” एरवी माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणाऱ्या बाई अहिराणीत बोलल्या, तेव्हाच मला त्यांची घालमेल कळली.

मी मुलाला वजन करायला लावलं. पुण्याहून निघताना एकाहत्तर किलो होता, आता चौसष्ट. रात्री घाम येतो का? येतो, बनियन बदलावं लागतं. मग मी आईंना विचारलं, घरात कधी कोणाला टीबी झाला होता का? त्या म्हणाल्या, नाही, कोणालाच नाही.

दुसरा निर्णय: कोणता नंबर लावायचा

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी खोकल्यातून रक्त आलं. फार नव्हतं, बेडक्यात लाल रेघा. त्याने पुन्हा मलाच फोन केला. या वेळी मी औषध सांगितलं नाही.

जर्मनीत दोन नंबर माहीत असावे लागतात. जिवाला धोका असेल तर ११२. तातडीचं आहे पण जीव धोक्यात नाही, आणि दवाखाने बंद आहेत, तर ११६११७. तिथून सुट्टीच्या वेळचा डॉक्टर कुठे बसतो ते कळतं, आणि तज्ज्ञाची अपॉइंटमेंट मिळवायलाही तोच नंबर कामी येतो. मुलाला ११२ माहीत होता, ११६११७ अजिबात माहीत नव्हता. नोव्हेंबरात हा नंबर माहीत असता तर गोष्ट तिथेच वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

रक्त आलेलं होतं म्हणून मी त्याला थेट जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जायला सांगितलं. वाढलं तर थांबू नको, ११२ लाव. फ्लॅटमधला पुण्याचा मुलगा सोबत गेला. त्याची जर्मन बरी होती.

तिथे चार तास बसवून ठेवलं. एका नर्सने दहा मिनिटांत रक्तदाब, ऑक्सिजन, ताप बघितला आणि मास्क लावून एका वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं. पुढे कोणी येईना. तिसऱ्या तासाला त्याचा मेसेज आला: “काका, इथे कोणी बघत नाही. घरी जातो, सोमवारी बघू.”

मलाही राग आला होता. आपल्याकडे खोकल्यातून रक्त आलेला पेशंट असा बसवून ठेवत नाहीत, असं लिहायला बोट उचललं होतं. मग ‘मास्क’ आणि ‘वेगळी खोली’ हे दोन शब्द पुन्हा वाचले. त्यांनी त्याला विसरून बसवलेलं नव्हतं. त्यांना शंका आली होती. तिकडे नंबर आल्याच्या वेळेवर लागत नाही, आजाराच्या गंभीरतेवर लागतो, आणि याचा ऑक्सिजन चांगला होता. मी लिहिलं, “उठू नकोस. त्यांना वाटतंय तेच मला वाटतंय.”

मध्यरात्रीच्या सुमारास एक्स-रे झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी. थुंकीत जंतू सापडले. त्याला वेगळ्या खोलीत दाखल केलं.

पर्याय

सोमवारी सकाळी आई, वडील आणि मुलाचे मामा माझ्यासमोर बसले. आईंचं म्हणणं एकच, “त्याले घर बलाई ल्या.” चार रस्ते चर्चेला आले.

पहिला, ताबडतोब घरी आणायचं. आईची माया सोडली तरी त्याच्या बाजूने कारणं होती. टीबीचा पेशंट माझ्या ओपीडीत नेहमीचा आहे. भारतात वर्षाला लाखामागे दोनशेच्या आसपास नवे रुग्ण, जर्मनीत पाच-सहा. आई म्हणाल्या, “त्यांच्याकडे हा आजारच नाही तर त्यांना काय कळणार?” मी त्यांना सांगितलं की टीबीचा जंतू सापडला तोच जर्मनीत, रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये ते जाहीर केलं. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. तिकडच्या तरुण हाउसआर्ट्स्टने टीबी फारसा पाहिलेला नसतो. मात्र मुलगा आता हाउसआर्ट्स्टकडे नव्हता, छातीच्या विभागात होता.

या पर्यायाला खरी हरकत दुसरीच होती. संसर्गजन्य टीबी असलेल्याने विमानप्रवास करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. शेजारच्या खुर्चीवर कोणाचं तान्हं लेकरू असेल कोण जाणे. मामा म्हणाले, “मास्क लावून बसेल, सांगायचं कशाला?” मी स्पष्ट नाही म्हणालो. त्या बैठकीत मी एवढ्या एका गोष्टीवर अडून बसलो.

दुसरा, दोन-तीन आठवड्यांत संसर्ग ओसरला की मग आणायचं आणि उरलेला उपचार पुण्याला. यात अडचण कागदांची. जर्मनीचा साधा निवास परवाना सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की सहसा संपतो, ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा वेगळा परवाना असलेल्यांना, बारा महिने मिळतात. याच्याकडे साधा परवाना होता आणि टीबीचा उपचार किमान सहा महिने चालतो. शिवाय आजारपणाचं वेतन साधारणपणे तिकडे राहिलं तरच मिळतं.

तिसरा, आईने तिकडे जायचं. पासपोर्ट होता. पण व्हिसाला वेळ, त्याला किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, आणि एवढं करून त्या पोचणार बंद खोलीच्या दाराबाहेर. हा पर्याय त्यांनी स्वतःच सोडला.

चौथा, तिथेच राहून तिथेच उपचार. मुलाला हाच हवा होता, पण त्याला एक भीती खात होती: टीबी कळला की व्हिसा जाईल. ही भीती मी नंतरही इतर मुलांकडून ऐकली आहे. जर्मनीत टीबीची नोंद स्थानिक आरोग्य कार्यालयाला देणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे, जसं ते भारतातही २०१२ पासून आहे. ती नोंद संसर्ग थांबवण्यासाठी असते, माणसाला देशाबाहेर काढण्यासाठी नाही. कंपनीलाही आजारी असल्याचं कळतं, आजाराचं नाव कळत नाही. इस्पितळातल्या समाजसेविकेने हे त्याला नीट समजावलं, तेव्हा तो पहिल्यांदा झोपला.

दुपारपर्यंत चौथा पर्याय ठरला. वडील शेवटपर्यंत काही बोलले नव्हते. उठताना म्हणाले, “पैशाचं मी बघतो.”

कापूस

त्यांनी पैशाचं काय बघितलं ते मला आठवड्याने कळलं. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला सगळा कापूस त्यांनी दोन दिवसांत, दारात आलेल्या खेडा-खरेदीच्या व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन टाकला होता. जर्मनीतलं इस्पितळ, रोजचे लाखभर तरी लागतील, असा त्यांचा हिशोब.

प्रत्यक्षात विमा असलेल्या रुग्णाला इस्पितळात दिवसाला १० युरो भरावे लागतात, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. हा मुलगा चौदा दिवस होता. बिल आलं १४० युरो, तेव्हाच्या भावाने साडेबारा हजार रुपयांच्या आसपास. बाहेरच्या औषधाला प्रत्येक चिठ्ठीवरच्या औषधामागे पाच ते दहा युरो. पगार पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण दिला, त्यानंतरच्या एका आठवड्याचे पैसे विमा संस्थेने दिले, ढोबळ पगाराच्या सत्तर टक्क्यांच्या हिशोबाने.

सोमवारच्या बैठकीत आम्ही विमान, व्हिसा, आई, पुणे सगळं बोललो. ‘खर्च किती येईल, विमा संस्थेला विचारलं का’, हा प्रश्न कोणी मांडला नाही. मुलाच्या पाकिटात कार्ड होतं आणि विमा संस्थेचा फोन त्याच्यापासून एका बटणावर होता. मी तो प्रश्न काढला असता तर तो कापूस घरात राहिला असता. या प्रकरणात मला औषधाच्या चुकीखालोखाल हेच टोचतं.

कृती: एक कागद

इस्पितळातल्या डॉक्टरांशी मी स्वतः बोललो नाही. मुलाच्या संमतीने त्यांना एक पान पाठवलं, सोप्या इंग्रजीत. लहानपणी बीसीजी दिली होती. अकरावीत कावीळ झाली होती. वजनं आणि त्यांच्या तारखा. लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम, दोनदा, प्रत्येकी पाच दिवस, या या तारखांना, माझ्या सांगण्यावरून.

शेवटची ओळ लिहिताना हात अडला. ती नसती तरी कोणाला कळलं नसतं. पण त्या ओळीमुळेच तिथल्या डॉक्टरांनी जंतूची इतर औषधांसोबत या गटातल्या औषधांसाठीही संवेदनशीलता तपासायला घेतली, आणि कावीळीच्या ओळीमुळे यकृताच्या तपासण्या लवकर लवकर केल्या. जंतू सगळ्या औषधांना दाद देणारा निघाला. तो अहवाल येईपर्यंतचे दिवस मला लांब गेले.

पान पाठवण्याआधी मी आईंना पुन्हा विचारलं, या वेळी एकटीला. तेव्हा त्यांनी सांगितलं. सासऱ्यांना टीबी होता. नातू सात-आठ वर्षांचा असताना तो आजोबांच्याच खाटेवर झोपायचा. सासऱ्यांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. पहिल्यांदा का सांगितलं नाही? धाकटीचं स्थळ बघणं सुरू होतं. “घराला टीबी आहे असं नाव झालं म्हणजे?”

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. आमच्याकडे अजूनही निमोनिया चारचौघांत सांगता येतो, टीबी सांगता येत नाही. ती माहितीही पानावर गेली.

कृती: फ्लॅट, कारखाना आणि घर

आरोग्य कार्यालयाने त्याच्याकडून यादी घेतली: कोणासोबत बंद जागेत किती तास. फ्लॅटमधले तिघे आणि कारखान्यातले दोघे रक्ततपासणीला बोलावले गेले. कारखान्यात त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण त्या महिन्यात दीर्घ रजेवर तो एकटाच होता. लोकांनी ओळखायचं ते ओळखलं.

फ्लॅटमधल्या एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली. आजार नाही, फक्त संसर्ग, म्हणजे जंतू अंगात पण निपचित. तो संसर्ग याच्यापासून झाला की भारतातूनच आलेला, हे ती चाचणी सांगू शकत नाही. त्याला चार महिने प्रतिबंधक औषध सुरू झालं. पुण्याच्या मुलाने मात्र दुभाषा म्हणून सगळं ऐकलं होतं. त्याने तोंड बंद ठेवलं हे त्याचं मोठेपण, पण तपासणीच्या खोलीत मित्राला दुभाषा करताना आपण आपलं गुपित त्याच्या हाती देतो, हे कोणी मुलाला आधी सांगितलं नव्हतं. तिकडचा सरकारी विमा दुभाष्याचा खर्च सहसा देत नाही. इंग्रजी येणारा डॉक्टर मागता येतो, हे त्याला पाचव्या दिवशी कळलं.

इकडे मी आई, वडील आणि बहीण तिघांचे एक्स-रे आणि तपासण्या ग्रामीण रुग्णालयात करून घेतल्या. तिघेही स्वच्छ.

उपचारातला एक फरक आम्हाला गोंधळात टाकून गेला. पहिले दोन महिने चार औषधं, इथल्यासारखीच. पुढे तिकडे दोनच ठेवली, पायराझिनामाइडसोबत एथाम्ब्युटॉलही बंद केलं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एथाम्ब्युटॉल पुढच्या चार महिन्यांतही चालू राहतं. मुलाने माझी चिठ्ठी मागितली, “काका, तुम्ही तिसरी गोळी लिहून द्या, पुण्याहून मागवतो.” आपल्याकडे ते चालू ठेवण्याचं कारण असं की आयसोनियाझिड या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारे जंतू आपल्याकडे जास्त आहेत. याच्या जंतूची पूर्ण तपासणी हातात होती, त्यामुळे दोन औषधं पुरेशी होती. मी चिठ्ठी दिली नाही. त्याच्या डॉक्टरला विचारायचा प्रश्न इंग्रजीत लिहून दिला. डॉक्टरने हेच उत्तर दिलं आणि मुलाचा त्याच्यावर विश्वास बसला. माझ्या तोंडून तेच उत्तर मिळालं असतं तर तो विश्वास पुन्हा माझ्यावरच बसला असता, आणि त्याला तिकडचा डॉक्टर हवा होता.

निष्पत्ती

चौदा दिवसांनी इस्पितळातून सुटका, आणखी आठवडाभर घरी वेगळं राहणं, एकूण सात आठवड्यांनी कामावर. सहा महिन्यांचा उपचार एकही दिवस न चुकवता पूर्ण. वजन एकोणसत्तर. इस्पितळाने सोडतानाच्या पत्रावर त्याला एका हाउसआर्ट्स्टने घेतलं. नोव्हेंबरात त्याच दवाखान्याने नवे पेशंट घेत नाही म्हणून सांगितलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

नोव्हेंबरच्या त्या रविवारी माझ्याकडून दोन वाक्यं पुरेशी होती: ‘किती दिवस झाले?’ आणि ‘११६११७ ला फोन कर.’ हा नंबर तेव्हा मलाही माहीत नव्हता. जिथे आपली पोरं आहेत तिथले असे नंबर आता मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहेत.

मुलाकडून म्हणाल तर, हाउसआर्ट्स्ट शोधायला हवा होता तो तब्येत ठणठणीत असताना, पहिल्या महिन्यात, घराचा पत्ता नोंदवायला गेला त्याच आठवड्यात. आजारी माणसाला परक्या भाषेत नकार ऐकायची ताकद नसते.

सोबत नेण्याच्या औषधांत मी आता अँटिबायोटिक लिहीत नाही. आई-वडील नाराज होतात. एका वडिलांनी तर ते दुसऱ्याकडून लिहून घेतलं, हे मला माहीत आहे. त्याऐवजी मी एक पान करून देतो: जुने आजार, लसी, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, औषधांची मूळ नावं, घरातले आजार. आणि जाण्यापूर्वी छातीचा एक्स-रे सुचवतो. घरातल्या आजारांचा रकाना मी मुलासमोर भरत नाही, आईला एकटीला बसवून भरतो.

ज्याचं उत्तर मला अजून सापडलं नाही असा एक प्रश्न उरतो. मी फोन घेणं बंद करावं का? काही मित्र म्हणतात, करा. मला ते पटत नाही. त्या शनिवारी रात्री मी फोन उचलला नसता तर तो तिसऱ्या तासाला उठून घरी गेला असता. औषध सांगायचं नाही आणि सोबत सोडायची नाही, एवढीच रेघ मी सध्या पाळतो, आणि रात्री अकराला ती पाळणं दर वेळी जड जातं.

सध्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो पंधरा दिवस आला होता. उजव्या फुफ्फुसावर वर एक व्रण राहिला आहे. तो जन्मभर प्रत्येक एक्स-रेत दिसणार आणि बघणारा प्रत्येक नवा डॉक्टर विचारणार, म्हणून उपचाराच्या पत्राची इंग्रजी प्रत आणि एक्स-रेची सीडी तो सोबत बाळगतो. धाकटीचं लग्न जमलं. आईंनी व्याह्यांना आजोबांचं किंवा मुलाचं काही सांगितलेलं नाही, आणि मीही त्यांना भरीस घातलं नाही. मुलाने मात्र स्वतःच्या स्थळासाठी आलेल्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. पारोळ्याचं एक स्थळ फिरलं. धरणगावच्या मुलीने उपचाराचं पत्र मागून घेतलं आणि वाचायला ते माझ्याकडे घेऊन आली. तासभर बसली, चांगले प्रश्न विचारले. बोलणी चालू आहेत.